खेचरांची धांव

विहिरीवर मोटेस जुंपलेले बैल ज्या उतरत्या वाटेनें खालीं जातात व पाठमोरे वर येतात, तिला आपले शेतकरी धांव म्हणतात. वस्तुतः तीवर कोणीच धांवत नाहीं. बैल आपल्याच गतीनें पाऊल टाकतो, व पाणी वर येतें. अमेरिकेंत पोटोमॅक नदीच्या डाव्या तीरास अशीच एक धांव आहे. मात्र तिची लांबी १८४ मैलांहून अधिक आहे. तिजवरून पूर्वीं खेचरें कोळशाच्या होड्या ओढीत असत. आज त्याच वाटेच्या एका भागावरून दर नोव्हेंबरांत शेंकडों स्त्रीपुरुष खरोखरच धांवतात.

ह्या शर्यतीचें मूळ एका सरकारी हुकुमांत आहे. लष्करी अधिकाऱ्यांचें अंग सैल पडूं नये म्हणून अध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट यांनीं त्यांजकडून ५० मैलांची चाल २० तासांत पुरी करून घेण्याचा प्रघात पाडला होता. त्यांचें तें जुनें पत्र १९६३ च्या आरंभीं अध्यक्ष केनेडी यांच्या पाहण्यांत आलें, व आजचे सैनिक एवढें चालतील काय असा प्रश्न त्यांनीं केला. सैनिक राहिले बाजूला, साऱ्या देशासच चालण्याचें वेड लागलें! अध्यक्षांचे बंधु रॉबर्ट केनेडी साधे कातडी बूट घालून कडक थंडींत ५० मैल चालून गेले. त्याच वर्षीं मेरिलँड संस्थानांत ११ जण ह्या वाटेस लागले, व त्यांपैकीं चौघांनीं ती पुरी केली. वेड ओसरलें, ही शर्यत मात्र केनेडींच्या नांवानें अद्यापि चालू आहे.

बून्सबरो गांवाहून निघालेले स्पर्धक प्रथम डोंगर चढतात, ॲपलेशियन पर्वताच्या दगडाळ पायवाटेनें ठेंचाळत वेव्हर्टनपाशीं नदीकांठीं उतरतात, आणि तेथून २६ मैल त्यांस जवळजवळ सपाट वाट लागते. दमलेल्या पायांस हा सपाटपणा सुखाचा वाटावा. पण ह्याच भागांत माणसें अधिक कंटाळतात असें म्हणतात, व तें आम्हांस खरें वाटतें.

ही वाट सपाट कां, हें पाहूं गेल्यास १८२८ सालाकडे वळावें लागतें. त्या वर्षीं ४ जुलै रोजीं अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनीं चेसापीक व ओहायो कालव्याची पहिली कुदळ मारली. फावडें एका मुळीस अडलें, तेव्हां अध्यक्षमहाराजांनीं कोट उतरून ठेवला आणि जोर करून माती काढली. लोकांनीं जयघोष केला. योग असा कीं, त्याच दिवशीं बाल्टिमोर येथें नव्वदी उलटलेल्या चार्ल्स कॅरल यांच्या हस्तें बाल्टिमोर व ओहायो लोहमार्गाची कोनशिला बसविण्यांत येत होती. दोघांसही ओहायो नदी गांठावयाची होती, आणि डोंगर व पाणी यांच्यामधील चिंचोळी पट्टी दोघांसही हवी होती. १८३२ सालीं न्यायालयानें कालव्याच्या बाजूनें निकाल दिला. त्याचा उपयोग काय झाला? आगगाडी कंबरलंड येथें १८४२ त पोंचली, कालवा १८५० त. आणि ओहायो नदी तर त्यानें कधींच पाहिली नाहीं.

परंतु जेवढा झाला तेवढा कालवा कसबाचा होता. समुद्राच्या बाजूनें वर चढतांना सुमारें ६०५ फूट उंची गांठण्यासाठीं ७४ लॉक बांधले होते. लॉक म्हणजे दोन्ही टोंकांस लांकडी दारें असलेला दगडी हौद. होडी आंत आली कीं मागचें दार लावावयाचें, वरचें पाणी आंत सोडावयाचें, आणि होडी आठएक फूट उचलली गेली कीं पुढचें दार उघडावयाचें. शंभर टनांहून अधिक कोळसा भरलेली होडी ओढावयास दोन-तीन खेचरें पुरत, कारण पाण्यावर ओझें हलकें होतें आणि वाटेस चढ नव्हता. होड्यांनीं ताशीं चार मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये असा कंपनीचा नियम असे. लाटांनीं मातीचे कांठ खचत. ५० मैलांस हा हिशेब साडेबारा तासांचा होतो. शर्यतींतील अग्रेसर साडेपांच तासांच्या आंत पोंचतात; परंतु काळोख पडल्यावर लंगडत येणारा शेवटचा घोळका जवळजवळ खेचरांच्या गतीनेंच येतो.

वाटेंत नदीपलीकडे हार्पर्स फेरी दिसतें. तेथील सरकारी शस्त्रशाळेवर १८५९ त जॉन ब्राउननें छापा घातला होता. पुढें अँटिएटम ओढ्यावर, कालव्यास पाण्यासकट पलीकडे नेणारा तीन कमानींचा दगडी पूल लागतो. ह्या ओढ्याच्या नांवानें १८६२ ची घनघोर लढाई ओळखली जाते. हीं नांवें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहेत. ज्यांनीं हा कांठ रचला त्यांचीं नांवें मात्र कोणासच ठाऊक नाहींत. ते बहुतेक आयरिश मजूर. १८३२ सालीं हार्पर्स फेरीच्या आसपास त्यांच्यांत पटकीची सांथ आली. कंपनीचा पैसा आटला, कामें कमी झालीं, आणि १८३४ च्या जानेवारींत विल्यम्सपोर्टजवळ कॉर्क व लाँगफर्ड ह्या परगण्यांच्या मजुरांत उरलेल्या कामावरून मारामारी होऊन माणसें मेलीं. अध्यक्ष जॅक्सन यांनीं फौज पाठविली. मजुरांच्या तंट्यांत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें फौज घातल्याचा हा पहिला प्रसंग. स्पर्धक पन्नासावा मैल ह्याच विल्यम्सपोर्टांत पुरा करतात. स्वखुशीनें सोसलेल्या क्लेशांबद्दल त्यांस पदक मिळतें, व तें योग्यच आहे.

१९२४ च्या पुरानें कालव्याची वाहतूक कायमची थांबली. १९३८ सालीं सरकारनें तो २० लक्ष डॉलरांस विकत घेतला, आणि पुढें त्यावर मोटारींची सडक करण्याचा बेत निघाला. वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्रानें त्यास पाठिंबा देतांच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं संपादकांस, आधीं माझ्याबरोबर चालून पाहा, असें आव्हान दिलें. १९५४ च्या मार्चमध्यें मंडळी निघाली; आठ दिवसांनीं अवघी वाट चालून आलेले, न्यायमूर्ति धरून, नऊच होते. सडक झाली नाहीं. १९७१ त कालवा राष्ट्रीय उद्यान ठरला.

विल्यम्सपोर्ट येथें कॉनोकोचीग ओढ्यावरही असाच एक पाण्याचा पूल आहे. १९२० सालीं त्याची एक भिंत ढांसळली आणि होडी पाण्याबरोबर खालीं ओढ्यांत गेली. मग तेथें लांकडी भिंत घालून काम भागविलें होतें. २०१९ मध्यें तो पूल दुरुस्त करून त्यांत पुन्हां पाणी सोडण्यांत आलें. आतां तिजवरून प्रवाशांची होडी जाते. ती ओढावयास खेचरें लागत नाहींत.