‘धोंडो’ या नांवाचा अर्थ व उगम

सौंदड (जि. गोंदिया) येथील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आम्हांस एक प्रश्न घातला. मुलास पणजोबांचें ‘धोंडो’ हें नांव ठेवावें असें त्याच्या मनांत होतें. परंतु ‘दगडाचें नांव लेंकरास कशाला?’ असा घरांतील वडील मंडळींचा आक्षेप होता. गांवाचें नांव व शमीवृक्षाचें मराठी नांव जेथें एकच, तेथें नांवाचा अर्थ विचारणें अनुचित नव्हे. म्हणून उत्तर येथें देतों.

प्रथम शास्त्र पाहूं. पतंजलीच्या महाभाष्यांत याज्ञिकांचें मत दिलें आहे कीं, नांवाचें आद्याक्षर घोषवर्ण असावें, मध्यें अंतस्थ वर्ण असावा व अक्षरें दोन किंवा चार असावींत. ‘धोंडो’ मधील ध घोषवर्ण आहे, अक्षरेंही दोनच आहेत. परंतु मध्यें अंतस्थ नाहीं. तेव्हां या नांवाचें मूळ शास्त्रांत न शोधतां लोकाचारांत शोधिलें पाहिजे.

असे आचार दोन आहेत. ज्या घरीं मुलें वांचत नसत तेथें पुढील मुलास दगडू, केरू, उकिरडा, भिकू अशीं हीन नांवें ठेवीत. काळाची दृष्टि त्याजवर पडूं नये हा हेतु. दुसरा आचार अधिक मासाचा. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान असल्यामुळें सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं एक मास अधिक धरितात. त्यास ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात, व त्या महिन्यांत जन्मलेल्या मुलासही धोंडू म्हणण्याची चाल आहे.

मनुस्मृतींत शूद्राचें नांव जुगुप्सित असावें असें म्हटलें आहे. त्यावरून असल्या नांवाच्या पुरुषाची जात ठरविणें मात्र चुकीचें होय. महर्षि धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) व गणिती केरो लक्ष्मण छत्रे हे दोघेही ब्राह्मण होते. छत्र्यांचें मूळ नांव तर विनायक. तसेंच, जुन्या कागदांत ‘धोंडो’ दिसतांच तें ‘धुंडिराज’ असें ‘शुद्ध’ करण्याचा मोह आवरावा. धुंडिराज हें काशींतील गणपतीचें नांव, तें निराळें. संग्राहकांनीं मूळ अक्षर जसेंच्या तसें राखावें, आणि जन्मतिथि मिळाल्यास ती अधिक मासाची आहे कीं काय तें पंचांगावरून ताडून पाहावें.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं पणजोबांचें जन्मटिपण निघालें. त्या वर्षीं अधिक मास आला होता खरा, परंतु जन्म निज मासांतला. त्याच कागदावर आधींचीं तीन भावंडें अल्पवयांत गेल्याची नोंद होती. म्हणजे निर्णय पहिल्या आचाराकडे झुकतो. आश्वलायन गृह्यसूत्रांत जातकर्माच्या वेळीं बालकाच्या खांद्यांस स्पर्श करून ‘तूं पाषाण हो’ अशा अर्थाचा आशीर्वाद सांगितला आहे, हेंही आम्हीं वडील मंडळींस निवेदन केलें. दगडाच्या नांवांत अवहेलना नाहीं. मूल जगावें एवढीच मातेची आस आहे.

बारशास नांव ‘धोंडो’ हेंच ठेविलें गेलें.