जे पडत नाही, ते पानावर बसते कसे?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा धुळीशी काय संबंध, असे आजचा विषय वाचून कुणाला वाटले असेल. संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. हवेतले अतिसूक्ष्म कण झाडांवर, जंगलांवर कसे बसतात हे माणसाला कसकसे कळत गेले, तो इतिहास आज पाहू. छावणीत राहणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. एका बाजूला नगर नाक्यावरून वाळूजकडे जाणारी डिझेलची वाहतूक, दुसऱ्या बाजूला छावणीतली जुनी झाडी. ‘झाडं आहेत ना, ती धूर खातात,’ असे आपण सहज बोलून जातो. खरेच खातात का?

सुरुवात वैशेषिक दर्शनापासून करू. झरोक्यातून आलेल्या कवडशात जे रजःकण तरंगताना दिसतात, त्यांना आपल्या परंपरेने त्रसरेणू म्हटले. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू, असा हिशेब. डोळ्याला दिसते ते इथपर्यंत. याच्या पलीकडे प्रत्यक्ष संपते आणि अनुमान सुरू होते. कणादांनी आणखी एक गोष्ट सांगितली: आधार सुटला की वस्तू पडते, आणि त्या पडण्याचे कारण गुरुत्व. व्यवहारात हे पटते. पण मग कवडशातला कण पडायचे सोडून तरंगत का राहतो?

याचे उत्तर यायला एकोणिसावे शतक उजाडले. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांमधले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याची उपपत्ती दिली: पाण्याचे न दिसणारे रेणू त्या कणांना सतत धक्के देतात. जाँ पेरँ याने प्रयोगांनी हे पक्के केले. हवेतही हेच घडते. दरम्यान १८८० च्या दशकात स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने धुळीचे कण मोजण्याचे यंत्र बनवले. दमट हवा एकदम प्रसरण पावू दिली की थंड होते, प्रत्येक कणाभोवती पाणी जमून थेंब बनतो, आणि थेंब मोजता येतात. जे दिसत नव्हते ते मोजले गेले. अनुमानाला आकडा मिळाला, असे आम्ही म्हणू.

कणादांचे ‘अदृष्ट’ म्हणजेच हे रेणूंचे धक्के, असे मात्र कुणी म्हणू नये. आपल्या पूर्वजांनी प्रश्न फार चांगला विचारला, म्हणून आजचे उत्तरही त्यांच्या तोंडी घालायचे, हा त्यांचा सन्मान नव्हे.

आता थोडे आकडे. १० मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटे घेतो. १ मायक्रोमीटरचा कण आठेक तास. आणि ०.१ मायक्रोमीटरचा? सुमारे तेरा दिवस! या शेवटच्या मापाच्या आतले ते अतिसूक्ष्म कण. गुरुत्व त्यांना जवळजवळ सोडूनच देते. मग ते पानावर बसतात कसे?

या प्रश्नाला निकड आली ती अणुयुगात. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडच्या विंडस्केल इथल्या अणुभट्टीला आग लागली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसले, गवत गाईंच्या पोटात गेले, आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातले दूध फेकून द्यावे लागले. हवेतले किती द्रव्य किती वेगाने वनस्पतींवर उतरते, याचे गणित हवे होते. हारवेलचे ए. सी. चेंबरलेन आधीपासूनच त्यावर काम करत होते. त्यांनी ‘निक्षेपण वेग’ ही कल्पना रुळवली: ठरावीक वेळात पृष्ठभागावर बसलेले द्रव्य भागिले हवेतले त्याचे प्रमाण. १९८२ मध्ये स्लिन यांनी झाडोऱ्यासाठी याचे सूत्र मांडले.

त्यातून एक गंमत दिसली. मोठे कण वजनाने पडतात, किंवा वारा वळला तरी ते वळत नाहीत आणि पानावर आदळतात. अगदी बारीक कण रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत पानालगतचा शांत हवेचा पातळ थर ओलांडतात आणि चिकटतात. मधले कण मात्र पडण्याइतके जड नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. तेच सर्वाधिक निसटतात. पान जितके बारीक, तितका हा थर पातळ. म्हणून सूचिपर्णी वृक्ष कण चांगले पकडतात. त्याच न्यायाने आपल्याकडे वडाच्या रुंद पानापेक्षा चिंचेची बारीक पर्णिका या कामी उजवी ठरावी. इतिहास इथे थांबलेला नाही बरं का. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सूचिपर्णी वनातल्या मोजमापांनंतर जुन्या सूत्रांत दुरुस्ती सुचवली गेली: रेणूंच्या धक्क्यांनी कण बसतात खरे, पण मानले होते तितक्या झपाट्याने नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झाड धूर खात नाही, धरून ठेवते. पाऊस आला की ते कण मातीत जातात. वारा सुटला की त्यातले काही, विशेषतः जाडसर, पुन्हा हवेत येतात. शिवाय आपली जंगले शुष्क पानगळीची. गौताळ्याचे रान उन्हाळ्यात पाहा: धूळ सर्वांत जास्त असते तेव्हा पाने सर्वांत कमी. चाळणीच गळून पडलेली असते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आपले शहर आहे. पण आपली मानके पीएम १० आणि पीएम २.५ ची, म्हणजे वजनाची. १० मायक्रोमीटरच्या एका कणाच्या वजनात ०.१ मायक्रोमीटरचे दहा लाख कण मावतात! रस्ता झाडला, पाणी मारले, की वजनाचा आकडा उतरतो. डिझेलच्या धुरातले अतिसूक्ष्म कण त्या तराजूत जवळपास दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याकडे अजून मानक नाही. फुफ्फुसात ते खोलवर जातात, आणि तिथेही याच ब्राउनी गतीने चिकटतात. पानाला लागू असलेला नियम फुफ्फुसाला वेगळा नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. छावणीतले एकेक जुने झाड राखलेच पाहिजे. सावलीसाठी, पाखरांसाठी, आणि ते जेवढे कण धरते तेवढ्यासाठीही. पण झाडे लावली म्हणजे धूर सोडण्याचा परवाना मिळाला, हा तर्क हेत्वाभास आहे. जे वजनाने पडत नाही, ते कुठे ना कुठे बसतेच. पानावर बसले नाही, तर श्वासात बसते. धूर निघतो तिथेच तो कमी करणे, याला पर्याय नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊ.