दगडावरची विजयगाथा : थुतमोस तिसरा आणि त्याचे लेखक

थीब्ज नगरीच्या पश्चिम तीरावर डोंगरात खोदलेल्या सरदारांच्या थडग्यांपैकी एक थडगे त्जानेनी नावाच्या लष्करी लेखनिकाचे आहे. आपण राजाबरोबर स्वारीवर होतो, त्याचे पराक्रम आपण डोळ्यांनी पाहिले आणि ते लेखनबद्ध केले, असे त्याने तेथे अभिमानाने नोंदवून ठेवले आहे. ज्या राजाविषयी तो हे सांगतो, तो थुतमोस तिसरा. इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील हा फॅरो सुमारे इ. स. पू. १४७९ ते १४२५ या काळात गादीवर होता. अमेरिकन इतिहासकार जेम्स हेन्री ब्रेस्टेडने त्याला 'प्राचीन इजिप्तचा नेपोलियन' म्हटले आणि तेव्हापासून ते बिरुद त्याला चिकटले.

आम्हांला या राजाइतकेच कुतूहल त्जानेनीचे आणि त्याच्यासारख्या लेखकांचे वाटते. राजाने युद्ध जिंकले की लेखकांनी, हा प्रश्न वरवर चमत्कारिक वाटेल. परंतु साडेतीन हजार वर्षांनंतर आपल्या हाती जो 'योद्धा' लागतो, तो लेखनातूनच लागतो. बखर हाती घेताना मराठी वाचक जी सावधगिरी बाळगतो, तीच कर्नाकच्या भिंतींपुढे उभे राहतानाही बाळगायला हवी.

प्रथम चरित्राची रूपरेषा पाहू. थुतमोस दुसरा आणि इसेत नावाची त्याची दुय्यम राणी यांचा हा मुलगा. पिता वारला तेव्हा तो अगदी लहान होता. पट्टराणी हत्शेपसुतने प्रथम त्याच्या नावाने कारभार पाहिला आणि त्याच्या सातव्या राज्यवर्षापर्यंत स्वतःच फॅरोची सर्व पदचिन्हे धारण केली. पुढील सुमारे पंधरा वर्षे इजिप्तला दोन राजे होते. राज्यवर्षांची गणना मात्र थुतमोसच्याच राज्यारोहणापासून चालू राहिली. बाविसाव्या वर्षी हत्शेपसुत इतिहासातून नाहीशी होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस थुतमोस सैन्य घेऊन त्जारूच्या सीमाठाण्यावरून आशियाकडे निघतो. तेथून वीस वर्षांत त्याने सतरा स्वाऱ्या केल्या.

पहिली स्वारी मेगिद्दोची. कादेशच्या राजाच्या नेतृत्वाखाली सीरिया-पॅलेस्टाईनमधील अनेक राजे तेथे जमले होते. दहा दिवसांत सैन्य गाझाला पोहोचले. पुढे येहेम येथे राजाने अधिकाऱ्यांची मसलत घेतली. मेगिद्दोला जाण्यास तीन वाटा होत्या. एक दक्षिणेकडून तानाकवरून, दुसरी उत्तरेकडून आणि तिसरी मधली, अरुनाच्या खिंडीतून. खिंड इतकी अरुंद की घोड्यामागे घोडा आणि माणसामागे माणूस असेच जावे लागणार. आघाडी बाहेर पडून लढत असेल तेव्हा पिछाडी अद्याप खिंडीपलीकडेच उभी असेल, असा अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. राजाने तो फेटाळला. आपण सोपी वाट धरली तर शत्रू आपल्याला भित्रे म्हणेल, असे त्याचे म्हणणे. आणि सैन्याच्या अग्रभागी तो स्वतः चालला. शत्रूने आपले सैन्य दुसऱ्या दोन वाटांवर वाटून ठेवले होते, खिंड मोकळीच होती.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीचा साचा दिसेल. सल्लागार भित्रे, राजा धाडसी, आणि निकाल राजाच्या बाजूने. आल्फ्रेड हेर्मान या जर्मन अभ्यासकाने १९३८ मध्ये या साच्याला 'राजकथा' अशा अर्थाची संज्ञा दिली. थुतमोसच्या आधीच्या कामोस राजाच्या शिलालेखातही दरबारी लोक सबुरीचा सल्ला देतात आणि राजा तो झिडकारतो. मग मेगिद्दोची मसलत ही निव्वळ कविकल्पना मानावी काय?

आमचे मत तसे नाही, आणि त्याचे कारण त्याच मजकुरात पुढे सापडते. खिंडीतून आघाडी बाहेर पडते तेव्हा अधिकारी राजाला पुन्हा विनवतात, की या वेळी तरी आमचे ऐका, पिछाडी बाहेर येईपर्यंत थांबा, मग लढू. आणि राजा थांबतो! सैन्य पूर्ण बाहेर येईस्तोवर दुपार कलते; राजा कीना ओढ्याकाठी छावणी टाकतो आणि लढाई दुसऱ्या सकाळवर जाते. साच्यात न बसणारा हा तपशील आहे. ज्या सल्लागारांना आधीच्या प्रसंगात चुकीचे ठरवले, त्यांचाच सल्ला येथे शहाणपणाचा ठरतो. केवळ स्तुती रचायची असती तर असा प्रसंग कोण लिहिता? स्वारीबरोबर रोजनिशी ठेवली जात होती आणि भिंतीवरचा मजकूर तिच्यावरून बेतला गेला, असे अभ्यासक मानतात ते अशा जागांमुळेच. मेगिद्दोच्या वेढ्याची दैनंदिन हकीकत चामड्याच्या गुंडाळीवर लिहून अमुनच्या मंदिरात ठेवली आहे, असे तो मजकूर स्वतःच सांगतो. ती गुंडाळी गेली, भिंत उरली.

लढाई राजाने जिंकली. शत्रू रथ सोडून नगराकडे पळाले. दरवाजे बंद झाले होते, म्हणून आतल्या लोकांनी कपडे खाली सोडून त्यांना तटावर ओढून घेतले. येथे लेखक आणखी एक कबुली देतो. सैनिक लुटीच्या मागे लागले नसते, तर मेगिद्दो त्याच क्षणी हाती येते. दोष अर्थातच सैनिकांच्या माथी आहे, सेनापतीच्या नाही. तरी चूक नोंदली गेली हे महत्त्वाचे. त्या चुकीची किंमत सात महिन्यांचा वेढा ही होती. शरण आलेल्या राजांचे घोडे काढून घेऊन त्यांना गाढवांवरून घरी पाठवले, हा तपशील नूबियातील गेबेल बार्कलच्या शिलालेखात येतो.

या लढाईला एक दूरचा प्रतिध्वनी आहे आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. सप्टेंबर १९१८ मध्ये जनरल ॲलेनबीने तुर्की सैन्याची पिछाडी गाठण्यासाठी घोडदळ याच खिंडीतून रातोरात पुढे काढले, आणि त्या चौथ्या घोडदळ विभागात बहुसंख्य पलटणी हिंदी होत्या. पुढे ॲलेनबीने आपल्या सरदारकीच्या किताबात मेगिद्दोचे नाव घेतले.

मेगिद्दोच्या लुटीची यादी कर्नाकच्या भिंतीवर आहे. ३४० जिवंत कैदी, ८३ तोडलेले हात, २०४१ घोड्या, १९१ शिंगरे, ९२४ रथ, ५०२ धनुष्ये, २०,५०० मेंढ्या. शिवाय मेगिद्दोच्या शेतांतून कापून नेलेल्या गव्हाची २,०७,३०० पोती, आणि सैनिकांनी चारापाण्यासाठी कापले ते वेगळे. ही यादी वाचताना आम्ही त्या ८३ हातांपाशी थबकतो. मेलेल्या शत्रूंची मोजदाद करण्याची ती पद्धत होती, एका प्रेतामागे एक हात. लेखनिकासमोर हातांची रास पडली असेल आणि त्याने धनुष्ये मोजावीत तसे ते मोजले असतील. विशेषणांनी भरलेल्या स्तोत्रांपेक्षा हा कोरडा आकडा युद्धाविषयी अधिक सांगून जातो. गव्हाचा आकडाही तसाच बोलका आहे, कारण ते मेगिद्दोकरांचे वर्षाचे अन्न होते. त्यांच्या बाजूने लिहिलेले एक अक्षरही आपल्याजवळ नाही. ज्याने ही आघाडी उभारली, तो कर्नाकच्या वृत्तान्तात केवळ 'कादेशचा नीच शत्रू' आहे. त्याला तेथे नाव नाही.

पुढील स्वाऱ्यांमागे योजना दिसते. किनाऱ्यावरील बंदरे ताब्यात घेऊन तेथे धान्यसाठा करावा, जिंकलेल्या राजांचे मुलगे इजिप्तमध्ये आणून वाढवावेत आणि बाप मेला की त्यांनाच गादीवर बसवावे, अशी ही पद्धत होती. तेहतिसाव्या वर्षीची आठवी स्वारी मितान्नी राज्यावर झाली. बिब्लोसजवळ देवदाराच्या होड्या बांधून त्या बैलगाड्यांवरून फरात नदीपर्यंत नेल्या. नदीपलीकडे आजोबा थुतमोस पहिला याच्या शिलेशेजारी राजाने आपली शिला उभारली. परतीच्या वाटेवर निय या ठिकाणी १२० हत्तींची शिकार झाली.

या शिकारीची हकीकत अमेनेमहेब नावाच्या सैनिकाच्या थडग्यातही आहे, आणि तेथे सूर बदलतो. सर्वांत मोठा हत्ती राजाच्या अंगावर आला तेव्हा आपण पाण्यात उभे राहून त्याची सोंड छाटली, असे तो सांगतो. कादेशच्या राजाने इजिप्शियन रथांचे घोडे बिथरवण्यासाठी एक घोडी मोकाट सोडली. आपण पायी तिच्यामागे धावलो, तिला मारले आणि शेपूट कापून राजाला नजर केले, ही त्याची दुसरी गोष्ट. राजाच्या वृत्तान्तात राजा एकटा लढतो. सैनिकाच्या आत्मचरित्रात राजाला वाचवायला कोणीतरी धावते. दोहोंना शेजारी ठेवले म्हणजे रणभूमीवर थोडी गर्दी होते, आणि ती गर्दी आम्हांला खरी वाटते.

तिसरा प्रकार स्तोत्राचा. कर्नाकला सापडलेल्या काव्यमय शिलेवर अमुन-रा देव राजाला उद्देशून बोलतो. प्रत्येक कडव्याचा आरंभ सारखाच, आणि दर कडव्यात नवा देश आणि राजाचे नवे रूप. येथे वर्ष नाही, आकडे नाहीत, वाटाही नाहीत. पुढच्या राजांनी मेगिद्दोची रोजनिशी उचलली नाही, हे स्तोत्र मात्र आपापल्या भिंतींसाठी पुन्हा वापरले. रूपक कोणालाही घालता येते. तारीख एकाच्याच मापाची असते. चौथा प्रकार लोककथेचा. दोन शतकांनंतरच्या एका पपायरसात याफा नगराची कथा आहे. सेनापती जेहुती दोनशे टोपल्यांत सैनिक लपवून नगरात पाठवतो. ट्रॉयचा घोडा आणि अलीबाबाचे रांजण वाचकांना आठवतीलच. जेहुती मात्र खरा माणूस होता. राजाने त्याला दिलेले सोन्याचे पात्र लूव्र संग्रहालयात आहे.

आता लेखनाच्या उलट्या क्रियेकडे, म्हणजे पुसण्याकडे वळू. हत्शेपसुतचे नाव आणि राजवेषातील तिच्या आकृती मंदिरांच्या भिंतींवरून छिनल्या गेल्या. देर अल-बाहरीच्या तिच्या मूर्तींचे तुकडे १९२० च्या दशकात हर्बर्ट विनलॉकला खड्ड्यांत सापडले. त्यावरून एक सुरस कथा तयार झाली. राज्य बळकावणारी सावत्र आई, धुमसणारा राजपुत्र, ती मरताच उसळलेला सूड. दीर्घकाळ ही कथा इतिहास म्हणून शिकवली गेली. चार्ल्स निम्सने १९६६ मध्ये आणि पुढे पीटर डॉर्मनने शिलालेख तपासून दाखवले, की ही खोडाखोड तिच्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, थुतमोसच्या राज्याच्या उत्तरकाळात झाली. वीस वर्षे थांबणारा संताप हा संताप नसतो. राणी म्हणून असलेली तिची चित्रे पुष्कळ ठिकाणी शाबूत आहेत. राजा म्हणून असलेली गेली. पुत्र अमेनहोतेप दुसरा याचा वारसा निर्वेध करणे हे कारण अधिक संभवते. २०२५ मध्ये जुन यी वाँग या संशोधकाने मूर्तींचे तुकडे पुन्हा अभ्यासून असे मांडले, की त्यांतील बराच भाग मूर्तीतील शक्ती काढून घेण्याच्या रूढ विधीने आणि नंतरच्या काळात दगड म्हणून झालेल्या वापराने मोडला असावा.

म्हणजे फॅरोच्या लेखकांपेक्षा आपले आधुनिक इतिहासकार काही कमी कथाकार नव्हते. त्यांच्याजवळही एक साचा तयार होता, आणि दुष्ट सावत्र आई त्यात चपखल बसली. 'नेपोलियन' या उपाधीचेही तसेच. राजाची ममी १८८१ मध्ये देर अल-बाहरीच्या गुप्त साठ्यात सापडली. उंची पाच फूट तीन-चार इंच भरली आणि ठेंगण्या विजेत्याचे साम्य पक्के झाले. त्या मोजणीत पावले धरलेलीच नव्हती, कारण थडगे लुटणाऱ्यांनी देहाची मोडतोड केली होती आणि ममीला पावलेच उरली नव्हती. प्राचीन पुरोहितांनी लाकडी वल्ह्यांचा आधार देऊन तो देह पुन्हा गुंडाळला होता. एप्रिल २०२१ मध्ये कैरोत निघालेल्या बावीस राजदेहांच्या मिरवणुकीत थुतमोसही होता.

चौपन्नाव्या राज्यवर्षात तो वारला. अमेनेमहेबने नोंदवलेल्या मृत्यूच्या तारखेवरून ५३ वर्षे, १० महिने आणि २६ दिवस असा हिशेब निघतो. राजांच्या खोऱ्यात कड्याच्या कपारीत खोदलेले त्याचे थडगे व्हिक्टर लोरेला १८९८ मध्ये सापडले. दफनकक्ष राजनामाच्या चौकटीसारखा लंबगोल आहे आणि त्याच्या भिंतींवर सूर्याच्या रात्रीच्या बारा प्रहरांचा प्रवास साध्या काळ्या-लाल रेघांनी, पपायरसावर लिहावा तशा धावत्या अक्षरांत काढला आहे. जणू एक विशाल ग्रंथ उलगडून खोलीभर लावला आहे आणि राजा त्याच्या मध्यभागी निजला आहे. एका खांबावर वृक्षरूपी देवी त्याला स्तनपान देते. शेजारी तिचे नाव इसेत. ते देवीचेही नाव, आणि त्याच्या आईचेही.

त्या खोलीत मेगिद्दो नाही, ९२४ रथ नाहीत, तोडलेले हातही नाहीत. युद्धाचे लेखन जिवंतांसाठी होते, देवळाच्या भिंतीवर, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. मृत्यूच्या खोलीत राजाने सोबत नेले ते रात्र पार करण्याचे पुस्तक आणि आईचे नाव. या राजाला केवळ योद्धा म्हणून शिकवणाऱ्या आम्हां अध्यापकांनी कर्नाकची भिंत वाचून झाल्यावर ही दुसरी भिंतही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, एवढीच विनंती.