पाटीवरची धूळ

आमच्या आजोबांनी मुळाक्षरं गिरवली ती धुळीत. पंतोजींच्या ओसरीवर प्रत्येकाच्या पुढ्यात एक लाकडी फळी, फळीवर विटेची वस्त्रगाळ तांबडी पूड आणि हातात टोक काढलेली काडी. चुकलं की फळीच्या कडेला एक टिचकी. पूड हलायची, अक्षर जायचं. कागदाशी गाठ पडायची ती हाताला वळण लागल्यावर. १९८८ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले तेव्हा आजोबा नव्वदीला टेकले होते. ‘मास्तरीणबाई, तुमच्या खडूपेक्षा आमची धूळ बरी,’ म्हणायचे, ‘पुसायला चिंधीसुद्धा लागत नव्हती.’

डी.एड.ला ‘बेल-लँकेस्टर पद्धत’ ही टीप परीक्षेत हमखास यायची. मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवायचं, एवढं पाठ करून आम्ही ती लिहीत असू आणि ही पद्धत साहेबाने आणली असं धरून चालत असू. त्या टिपेचा आणि आजोबांच्या धुळीचा काही संबंध आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. एकदा त्याने एका मलबारी शाळेत पोरं वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिली. हे आपल्याकडे आणावं असं त्याच्या मनाने घेतलं, तर हाताखालच्या मास्तरांनी नाकं मुरडली. (नवं काही आलं की आम्ही मास्तर लोक आधी हेच करतो, आणि दर वेळी आमचं चुकतंच असंही नाही.) बेलने वाद घातला नाही. फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या पोराला त्याने धाकट्यांच्या वर्गावर बसवलं आणि त्या पोराने वाळूतली मुळाक्षरं शिकवून दाखवली. १७९७ मध्ये या प्रयोगाची पुस्तिका लंडनमध्ये छापली गेली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या गरीब वस्तीत शाळा काढली; तिथेही सगळ्यांत लहान मुलं वाळूतच अक्षरं काढायची. श्रेयावरून दोघांचं पुढे वाजलं, ते सोडून देऊ. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात बेलच्या पैशातून उभी राहिलेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ म्हणूनच ओळखली जाते.

इकडे पेशवाई बुडाली. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकं यांसाठी एल्फिन्स्टनच्या अध्यक्षतेखाली संस्था निघाली. गावोगावच्या शाळा सुधारायच्या तर लँकेस्टरची पद्धत हवी, असं तिचं मत पडलं. त्या पद्धतीत तयार केलेले शिक्षक १८२६ च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत धाडले गेले. म्हणजे मद्रासेतून गेलेली वाळू ‘पद्धत’ होऊन बोटीने परत आली. आमचे पंतोजी थोरल्या मुलाला धाकट्यांवर बसवत होतेच, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

धूळपाटीला हटवलं ते दगडी पाटीने. आंध्रातल्या मार्कापूरचा दगड पाट्यांसाठी नावाजलेला. माझ्या लहानपणी पाटीला लाकडी चौकट असायची, महागातल्या पाटीला वर तारेत ओवलेले रंगीत मणी. पुसायला ओली चिंधी न्यायची असा दंडक होता. प्रत्यक्षात थुंकी आणि फ्रॉकचा घेर. पावसात पाटी डोक्यावर. दसऱ्याला त्याच पाटीवर एक्क्यांची सरस्वती काढून पूजा, त्या दिवशी मात्र पाटीला कुणी पाय लावू देत नसे. पेन्सिली तर आम्ही निम्म्या खाऊनच संपवल्या.

त्या पेन्सिली कुठून येतात, हे मुलांनी मला विचारलं आणि मी शोधायला लागले. त्यांचं मोठं ठिकाण मध्य प्रदेशातलं मंदसौर. तिथे दगड यंत्रावर कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगारांच्या छातीत बसायची. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांना तपासलं, तेव्हा तरुण माणसांची फुप्फुसं सिलिकोसिसने निकामी झालेली निघाली. पुढे धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवली गेली. मुलांना मी हे सगळं सांगितलं नाही. ‘दगडाची असते, खाऊ नका’ एवढंच सांगितलं आणि पुढचा धडा घेतला. अजूनही ते मनाला लागून आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा ‘खडू-फळा मोहीम’ नवीन होती. १९८७ ला केंद्र सरकारने सुरू केलेली ही योजना. निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य प्रत्येक प्राथमिक शाळेत असावं, हा तिचा हेतू. आमच्याकडे पेटी आली: पृथ्वीगोल, नकाशे, गणिताचं नि विज्ञानाचं साहित्य, ढोलकीसुद्धा. मुख्याध्यापकांनी सगळं डेडस्टॉक रजिस्टरला चढवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. त्यांना मी दोष देत नाही. फुटलं तर भरपाई पगारातून व्हायची. तपासणीच्या आदल्या दिवशी गोल बाहेर यायचा, पुसला जायचा, संध्याकाळी परत आत.

मुलांच्या हातात राहिली ती पाटी. ‘सगळ्यांनी पाट्या वर!’ म्हटलं की तेवीस उत्तरं एका नजरेत दिसायची. कोण हातचा विसरलं, कोण शेजाऱ्याचं बघतंय, कुणाचा ‘४’ उलटा पडलाय. वही तपासायला लागणारी रात्र त्या एका क्षणात उरकायची. चुकलेलं पोर पाटी खाली घ्यायच्या आधीच बाहीने पुसून टाकायचं, त्याची कुठे नोंद राहत नसे. पुढे वह्या फुकट मिळू लागल्या, पाटी कमीपणाची झाली. मी पालकांकडून माळ्यावरच्या पाट्या मागून आणल्या.

मग प्रोजेक्टर आला, टॅब आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० ला त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा आमच्या केंद्रात पेढे वाटले होते. कोड स्कॅन करून कविता ऐकताना पोरं हरखायची हे मी पाहिलंय. पण फोन बापाचा, बाप शेतात, आणि रेंज टेकडीवर.

२०२४ ला निवृत्त होताना चार्ज दिला. नव्या गुरुजींनी रजिस्टर उघडून एकेक वस्तू मोजून घेतली. पृथ्वीगोल एक, आस निखळलेला. ढोलकी एक, पुडी फाटलेली. प्रोजेक्टर एक, खोक्यासह. शेवटी ते पहिलीच्या वर्गातल्या फडताळापाशी थांबले.

‘बाई, या पाट्या किती नंबरला आहेत?’

‘त्या रजिस्टरला नाहीत.’

‘मग त्यांचं काय करू?’

‘असू द्यात तिथंच,’ मी म्हटलं, ‘वरच्या दोन तडकलेल्या आहेत, बोट कापतं, तेवढ्या बाजूला काढा.’