ट्रक, पण पोहणारा! दुसऱ्या महायुद्धातला 'डक' पुन्हा पाण्यात उतरवणं इतकं अवघड का असतं?

१ मे १९९९. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या लेक हॅमिल्टन या तलावात पर्यटकांना घेऊन एक गाडी उतरली. हो, गाडीच. १९४४ साली सैन्यासाठी बनवलेला, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारा ट्रक. चालकासह २१ जण त्यात होते. काही मिनिटांतच गाडीत पाणी भरलं आणि ती बुडाली. १३ प्रवाशांचा जीव गेला.

तपासात काय निघालं? गाडीच्या खालच्या बाजूला एका फिरत्या शाफ्टभोवती रबराचं सील होतं. ते जागेवर धरून ठेवणारी पट्टी नीट आवळलेली नव्हती.

जुनी जीप किंवा बुलेट नव्यासारखी करणारे हौशी लोक तुम्ही पाहिले असतील. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागले, रंग चढला की काम फत्ते. पाण्यात उतरणाऱ्या गाडीचं तसं नसतं. ती का वेगळी असते, हेच समजून घेऊया.

'डक' म्हणजे नेमकं काय?

१९४२ मध्ये अमेरिकी सैन्यापुढे एक अडचण होती. जहाजातला माल शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवायचा, पण तिथे बंदर नाही. मग जीएमसीचा अडीच टनी ट्रक घेतला आणि त्याभोवती चक्क होडी बांधली. हे डिझाइन करणाऱ्यांत शर्यतीच्या शिडाच्या बोटी बनवणारे रॉड स्टीफन्स ज्युनिअर, ब्रिटिश दर्यावर्दी डेनिस पुलस्टन आणि एमआयटीचे फ्रँक स्पीअर होते.

नाव आलं ते कंपनीच्या कोडवरून. डी म्हणजे १९४२ साल, यू म्हणजे युटिलिटी, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद आणि डब्ल्यू म्हणजे मागे दोन ॲक्सल. डी-यू-के-डब्ल्यूचा उच्चार झाला 'डक', म्हणजे बदक. नाव अगदी फिट बसलं.

सुरुवातीला सैन्यातले वरिष्ठ फारसे उत्सुक नव्हते. पण मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक बोट वादळात वाळूच्या पट्ट्यावर अडकली. नेहमीच्या बोटी तिथे पोहोचत नव्हत्या. प्रात्यक्षिकासाठी तिथेच असलेला डक गेला आणि सात जणांना घेऊन परत आला. त्यानंतर विरोध मावळला.

जवळपास साडेनऊ मीटर लांब आणि सहा चाकांच्या या गाडीत २५ सैनिक किंवा सव्वादोन टनांच्या आसपास माल मावायचा. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, पाण्यात ताशी साधारण १० किलोमीटर. चालक आपल्या जागेवर बसूनच टायरमधली हवा कमी-जास्त करू शकायचा, म्हणजे वाळूतही चाकं रुतणार नाहीत. असे २१ हजारांहून जास्त डक बनले. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी माल वाहिला. युद्धानंतर त्यातले बरेच विकले गेले आणि काही पर्यटकांना फिरवू लागले.

होडीच्या तळाला भोकं कशाला?

खरी गोम इथेच आहे. साध्या होडीच्या तळाला शक्यतो भोक नसतंच. डकला मात्र भोकांशिवाय चालतच नाही.

कारण सोपं आहे. इंजिन होडीच्या आत असतं आणि चाकं बाहेर. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायची तर फिरते शाफ्ट होडीच्या पत्र्यातून बाहेर काढावे लागतात. एक पुढच्या ॲक्सलसाठी, बाकीचे मागच्या दोन ॲक्सलसाठी आणि पाण्यातल्या पंख्यासाठी आणखी एक. शिवाय जमिनीवर आल्यावर आत साचलेलं पाणी काढून टाकायला तळाला बुचं असतात. यातली प्रत्येक जागा म्हणजे पाण्याला आत यायची वाट.

डिझायनरना हे माहीत होतं. थोडं पाणी आत येणारच, हे धरूनच त्यांनी दमदार पंप बसवले होते. तळाला पाच सेंटिमीटरचं भोक पडलं तरी गाडी तरंगत राहावी, इतकी त्या पंपांची ताकद होती. म्हणून डकमध्ये पंप हा 'एक्स्ट्रा' भाग नाही. तो काढून टाकला किंवा बंद पडू दिला, तर मूळ डिझाइनचा आधारच जातो.

रंगाखाली काय दडलंय?

वजन कमी राहावं म्हणून डकचा पत्रा जेमतेम दीड ते सव्वातीन मिलिमीटर जाडीचा ठेवला होता. ऐंशी वर्षांत त्याला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून गंज लागतो. खाऱ्या पाण्यात वावरलेली गाडी असेल तर विचारूच नका.

मग आधीच्या मालकानं काय केलेलं असतं? कुठे पुट्टी भरलेली, कुठे फायबरग्लासचं ठिगळ, वर छान हिरवा रंग. रस्त्यावरच्या गाडीत हे खपून जातं. इथे आधी सगळा रंग उतरवून पत्रा उघडा करावा लागतो. जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक यंत्र वापरतात. हातोडीनं हळू ठोकलं तरी धड पत्रा आणि गंजलेला पत्रा वेगळा आवाज देतात.

सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणं हाच खरा उपाय. पण पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकतो. म्हणून एका दमात लांब सांधा न करता छोटे छोटे टाके मारायचे, थंड होऊ द्यायचं आणि पुढे जायचं. वेळ यातच जातो.

इंजिन सोपं, रबर अवघड

डकचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि बरेचसे भाग त्याच काळातल्या जीएमसी ट्रकचे आहेत. तो ट्रक पाच लाखांहून जास्त संख्येनं बनला. त्यामुळे हे सुटे भाग मिळण्याची शक्यता त्यातल्या त्यात बरी असते.

खरी अडचण फक्त डकमध्ये असलेल्या भागांची. शाफ्टभोवतीचे रबरी बूट वापरले नाहीत तरी वर्षांनुवर्षं पडून कडक होतात, त्यांना चिरा जातात. ते नवेच हवेत, आणि त्यांचे क्लॅम्प नेमके जागेवर आवळलेले हवेत. चाकांचे बेअरिंगही पाण्याखाली जातात. ॲक्सलमधलं तेल काढल्यावर ते ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी शिरलंय असं समजायचं.

पहिली डुबकी कशी घ्यायची?

माठ विकत घेताना आपण त्यात पाणी भरून बघतो, तसंच काहीसं. गाडी जमिनीवर असतानाच तळात थोडं पाणी ओतून कुठे थेंब गळतात ते बघता येतं. त्यानंतर शांत, उथळ पाणी. मजबूत दोर बांधलेला, तळाची बुचं लावल्याची खात्री केलेली, आतल्या झडपा उघड्या ठेवून प्रत्येक सांध्यावर नजर. आणि एकही प्रवासी नाही. पुढेही तळाचं एखादं बूच किंवा सील काढून परत बसवलं, की प्रवासी घेण्याआधी पुन्हा पाण्यात तपासणी. लेक हॅमिल्टनच्या अपघातानंतर तपास यंत्रणेनं हीच शिफारस केली होती.

उपायानंच आग लावली तेव्हा

मग सगळीकडे फोम भरला की झालं, असं वाटेल. लंडनमध्ये ते करून झालंय. गाडी बुडू नये म्हणून आत फोमचे ठोकळे बसवले होते. २९ सप्टेंबर २०१३ रोजी थेम्स नदीत अशाच एका डकला आग लागली. फोम फिरत्या शाफ्टला घासून तापला होता. ३० जणांना गाडी सोडावी लागली. सुदैवानं सगळे वाचले. एका भागात केलेला बदल शेजारच्या भागाचं काय करतो, हेही बघावं लागतं ते यासाठीच.

धडा लिहिलेला होता, पण...

लेक हॅमिल्टनमध्ये अनेक प्रवासी गाडीच्या छताखाली अडकले होते. म्हणून बुडताना तरंगत राहण्याची सोय नसेल तर छत काढा, असं तपास यंत्रणेनं सांगितलं होतं. तरी १९ जुलै २०१८ रोजी मिझुरीतल्या टेबल रॉक लेकमध्ये लांबी वाढवलेला, छत असलेला एक डक वादळात सापडला. पुढच्या बाजूच्या, हवा आत घेणाऱ्या झडपेतून लाटांचं पाणी शिरलं. ३१ पैकी १७ जण गेले.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या चकाचक डकचा व्हिडिओ तुमच्या फीडवर आला, तर रंगाचं कौतुक जरूर करा. पण त्यात बसायची वेळ आलीच, तर चालकाला तीन प्रश्न विचारा. शाफ्टची सील शेवटची कधी तपासली? पंप चालू आहेत का? आणि ही गाडी बुडायला लागली, तर आम्ही बाहेर कुठून पडायचं?