लांबकेशी टेरियर आणि दर्यालगतची हवा

‘टेरियर’ या नांवाचें मूळ लॅटिन ‘टेर्रा’, म्हणजे भूमि, या शब्दांत आहे. बिळांत शिरून शिकार करणारा तो टेरियर. आज गादीवर लोळणारा लांबकेशी यॉर्कशायर टेरियरहि मूळचा श्रमजीवीच होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडांतील विणकर पोटासाठीं यॉर्कशायरच्या गिरण्यांत आले. त्यांचीं छोटीं कुत्रींहि बरोबर आलीं. त्यांच्या संकरांतून ही जात घडली आणि उंदीर मारणें हें तिचें काम ठरलें. १८६५ सालीं जन्मलेल्या ‘हडर्सफील्ड बेन’ यास तिचा मूळपुरुष मानतात. पुढें रेशमी केसांमुळें धनिकांच्या दिवाणखान्यांत तिचा प्रवेश झाला.

मुंबईचा श्वानप्रेमाचा इतिहास याहूनहि जुना आहे. १८३२ च्या जूनमध्यें मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरांत दंगा उसळला. त्यांत पारशी अग्रभागीं होते. त्यांच्या धर्मांत श्वानास मानाचें स्थान आहे. १८३४ सालीं पांजरपोळ निघाली. परंतु आश्रय देणें निराळें आणि उपचार करणें निराळें. उपचाराची व्यवस्था होण्यास आणखी अर्धशतक लागलें. परळ येथें १८८३ सालीं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें प्राण्यांचें रुग्णालय स्थापन झालें. १८८६ सालीं परळासच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. भूतदयेस शास्त्राची जोड मिळाली ती अशी.

पापडीसारख्या वसईच्या दमट किनारपट्टींत या शास्त्राची गरज पदोपदीं भासते. या कुत्र्याचे केस माणसाच्या केसांप्रमाणें वाढतच राहतात. रोज फणी न फिरविल्यास त्यांच्या जटा होतात; पावसाळ्यांत त्यांखालीं ओल राहून त्वचा चिघळते, गोचीडहि लपतात. केस कातरून आंखूड ठेवावे. मात्र वस्तरा फिरवून त्वचा उघडी पाडूं नये. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाहीं, तो धापा टाकून अंगांतील उष्णता घालवितो. म्हणून भर दुपारीं त्यास फिरवूं नये. श्वासनलिका नाजूक असल्यानें पट्टा गळ्यास न बांधतां छातीभोंवतीं बांधावा. पाश्चरनें १८८५ सालीं पिसाळरोगावर लस यशस्वी करून दाखविली. त्या लसीचें टोंचणें वैद्याच्या सल्ल्यानें वेळच्या वेळीं करणें हें धन्याचें पहिलें कर्तव्य होय.

थंड मुलखांतील हा जीव येथें आपण होऊन आलेला नाहीं. त्यास माणसानें आणलें आहे. तेव्हां त्याच्या सौंदर्याचा उपभोग घेणाऱ्यानें रोजची फणीहि हातीं धरली पाहिजे. ज्यास तेवढी सवड नसेल, त्यानें असा कुत्रा न पाळणें हीच त्याच्यावरील खरी दया होय.