आरशाची उंची

आमच्या बेळगावच्या घरात न्हाणीघराचं ‘बाथरूम’ झालं, तेव्हा मी कॉलेजात होते. तांब्याचा बंब अडगळीत गेला, दगडी न्हाणी फोडली, भिंतीला पांढऱ्या टाइल्स लागल्या. वॉशबेसिन आलं आणि त्याच्यावर आरसा आला. गवंड्याने दादाला समोर उभं केलं, आरसा त्याच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, “दिसतंय न्हवं?” दादा म्हणाला, “दिसतंय.” लगेच चार भोकं पाडली, चार स्क्रू बसले, काम झालं. घरात आम्ही सहाजण होतो. त्यातल्या चार बायका.

परवा तो आरसा बदलायला काढला. कडांना ओल लागून मागचा मुलामा काळा पडला होता. काढण्याआधी मी टेप लावली. खालची कड जमिनीपासून बरोबर 54 इंचांवर होती. आमची आज्जी 4 फूट 9 इंच, म्हणजे 57 इंच उंच. तिचे डोळे साडेबावन्न इंचांवर. आता आरशाचा हिशेब असा असतो, की आपलं शरीर जिथपर्यंत बघायचं, तिथपासून डोळ्यापर्यंतच्या अंतराच्या मध्यावर आरशाची कड लागते. कड त्याच्या वर गेली, की तो भाग दिसत नाही, आणि मागे सरकूनही काही फरक पडत नाही. हिशेब मांडला तर आज्जीला त्या आरशात डोक्यावरचे वरचे दीड इंच केस दिसत असणार. बाकी काही नाही.

तेव्हा ती एकदा म्हणाली होती, “मला त्यात पांढरे केसच तेवढे दिसतात बघ.” आम्ही सगळे हसलो होतो.

हा आरसा न्हाणीघरात आला तरी कसा, हे मी नंतर शोधत गेले. आरसा ही वस्तू फार जुनी. हडप्पा संस्कृतीच्या लोकांकडे तांब्याचे, मुठीचे आरसे होते. केरळात अरणमुळाला आजही धातूचाच आरसा घडवतात. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातली दर्पणसुंदरी बाराव्या शतकातली. तिचाही आरसा हातातला. आपला ‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ वरून आला, ‘ऐना’ फारसीतून आला, आणि आमच्या शेजारच्या अक्का त्यालाच ‘कन्नडी’ म्हणतात. नावं तीन, पण वस्तू शतकानुशतकं हातात धरायची होती. भिंतीवरचा मोठा काचेचा आरसा म्हणजे राजवाड्यांची चैन. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेला कथील आणि पारा लावून तो करत. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांची तब्येत बिघडे. 1835 च्या सुमारास लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत काढली. पुढे ती कारखान्यांत रुजली आणि आरसा सामान्य माणसाच्या घरी येण्याजोगा झाला.

तरीही आपल्या न्हाणीघरात तो नव्हता. न्हाणीघर अंधारं, धुराचं. तिथे आरशाचं काय काम? पुरुषांची दाढी ओसरीवर व्हायची. न्हावी धोकटी घेऊन यायचा, त्याचा आरसा त्याच्याजवळ असायचा. बायकांची फणेरपेटी माजघरात. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली खणात फणी, मेण, कुंकवाचा करंडा. पाटावर बसायचं, पेटी उघडायची, झाकण आपल्या डोळ्याला हवं तेवढं कलतं करायचं. उंच असो की ठेंगणी, पेटी प्रत्येकीच्या मापाची होत असे.

हे बदललं दोन गोष्टींनी. एक म्हणजे नळाचं पाणी. बेळगाव पूर्वी विहिरींचं गाव. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठीसुद्धा इथे मुद्दाम विहीर खणावी लागली होती. राकसकोपचं पाणी नळाला आलं आणि हात-तोंड धुण्याची जागा घराच्या आत, उभ्याने वापरायची झाली. दुसरी गोष्ट म्हणजे पात्याचा रेझर. अमेरिकेत जिलेटला त्याचं पेटंट 1904 साली मिळालं. हळूहळू पुरुष घरच्या घरी, पाण्याजवळ, उभ्याने दाढी करू लागले. त्यासाठी आरसा बेसिनवर आला आणि अर्थातच दाढी करणाऱ्याच्या उंचीवर लागला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, कुणी मुद्दाम केलं नाही. पण कुणी विचारलंही नाही. फणेरपेटी माळ्यावर गेली आणि वहिनी चाळीस वर्षं टाचा उचलून टिकली लावत राहिली.

आज्जीची फणेरपेटी मात्र त्याच्याही आधी गेली होती. सव्विसाव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं आणि पेटी जावेच्या खोलीत गेली. ‘तुला आता काय करायचाय आरसा?’ असं कुणी बोललंही नसेल. बोलायची गरजच नव्हती. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तिने आरशात पाहिलं नाही.

आपल्या धर्मात आरसा अशुभ नाही, उलट मंगल आहे. अष्टमंगलांत दर्पण आहे. बस्तीत वेदीजवळ पितळेची मंगलद्रव्यं मांडतात, त्यात कलश, चामर, छत्र यांच्या शेजारी तो असतो. श्वेतांबर मंदिरात भगवंतासमोर दर्पण धरून पूजा होते. ज्ञानाला आपले आचार्य आरशाचीच उपमा देत आले. आणि भरत चक्रवर्तीची कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. श्वेतांबर परंपरेत त्याच्या बोटातली अंगठी गळते आणि आरशात उघडं बोट दिसतं. आपल्याकडे त्याला आरशात पांढरा केस दिसतो. तेवढ्यावरून तो सहा खंडांचं राज्य सोडतो.

मुनींच्या 28 मूलगुणांत अस्नान आहे, केशलोंच आहे. म्हणजे बाथरूमचा आरसा ज्या ज्या कामासाठी लागतो, ते सगळं त्यांनी सोडलेलं असतं. त्यांना आपण नमस्कार करतो तो याचसाठी, की ते त्यांनी आपणहून सोडलं. भरताच्या हातातून आरसा कुणी काढून घेतला नव्हता. त्याने पाहिलं आणि मग सोडलं. आज्जीला सोडायला लावलं, आणि त्यालाच आम्ही तिचं वैराग्य म्हणत राहिलो. पाठशाळेत या दोन्हींतला फरक मला कुणी शिकवला नाही. तो एका आरशाच्या खालच्या कडेने शिकवला. तिला पांढरे केस दिसले, पण चेहरा बघायची सोय आम्ही नव्या बाथरूममध्येही ठेवली नव्हती.

म्हणून या खेपेला मी गवंड्याला सांगितलं, भोकं पाडायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बोलवायचं. सर्वांत उंच भाचा, 5 फूट 9 इंच. त्याच्यासाठी वरची कड 67 इंचांच्या आसपास लागते. वहिनी 4 फूट 10 इंच. तिला छातीपर्यंत दिसायला खालची कड 48 इंचांच्या खाली हवी. दादाची नात साडेतीन फुटांची. तिला हनुवटीपर्यंत दिसायला ती 36 इंचांवर यायला हवी. बेसिनची कड 32 इंचांवर होती. त्याच्यावर चार इंच मोकळे सोडले, म्हणजे शिंतोडे उडून कड पुन्हा काळी पडायला नको. आरसा घेतला 32 इंच उंच आणि 20 इंच रुंद, बेसिनपेक्षा थोडा अरुंद. 36 पासून 68 पर्यंत सगळे त्यात बसले. दिवा डोक्यावर न लावता दोन्ही बाजूंना लावला. वरच्या उजेडाने डोळ्यांखाली सावली पडते आणि चांगला माणूसही आजारी दिसतो. मागे भिंतीला चिकटवलं नाही, क्लिपा लावून बोटभर फट ठेवली, वारा खेळायला.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही एकदा टेप लावून बघा. खालची कड कुठे आहे आणि घरातली सर्वांत ठेंगणी बाई कोण आहे, एवढंच मोजायचं. आरसा खाली आणायला चार भोकं आणि अर्धा तास लागतो.

गवंडी म्हणाला, “आधी कुणाला उभं करू?”

वहिनी पदराला हात पुसत पुढे आली.